दहा पटीचं घडीचं भिंग: सालीत दडलेल्या ढेकणांवर तपासून पाहिलं

हे परीक्षण खिशात मावणाऱ्या घडीच्या भिंगाचं आहे. दहा पट, तिहेरी काच, २१ मिलीमीटर व्यास. दागिने पारखणारे, खनिजं गोळा करणारे, वनस्पती बघत फिरणारे लोक वापरतात तसलं. मी ते यातल्या कशासाठीच घेतलं नाही. मी घेतलं झाडाच्या खोडावर बसणारे ढेकूण ओळखायला (खाटेतले नव्हेत, झाडाचा रस पिणारे आणि वास सोडणारे), आणि गेले चार महिने ते त्याच कामाला जुंपलं आहे. हिऱ्यातली भेग यातून कशी दिसते ते मला विचारू नका.

भिंगाबद्दल चार शब्द बोलायचा मला थोडा अधिकार आहे. एकेचाळीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त केली. उजव्या डोळ्यात आयग्लास म्हणजे डोळ्याच्या खोबणीत बसवायचं भिंग, हातात चिमटा आणि समोर घड्याळाची केसाएवढी बारीक हेअरस्प्रिंग, यात आयुष्य गेलं. डोळ्याभोवती तिचा गोल वळ कायमचा उमटला आहे असं बायको म्हणते. काम थांबवल्यावर दुपारचा वेळ खायला उठायचा, म्हणून एका जुन्या झाडाच्या बुंध्याला टेकून बसायची सवय लागली. एक दिवस टेकलो आणि सदऱ्याला असा उग्र, तेलकट वास आला की शेजारी बसलेली नात चार हात लांब सरकली. मी इकडे तिकडे बघतोय, काही दिसेना. तिनेच शेवटी बोट दाखवलं. "आजोबा, तुम्ही त्याच्यावर टेकला होतात."

त्याच्यावर म्हणजे कशावर, हे कळायला मला आणखी मिनिटभर लागलं. एकेचाळीस वर्षं मिलिमीटरच्या दशांशाशी खेळलेला माणूस मी. दोन सेंटिमीटर लांबीचा किडा वीतभर अंतरावर होता आणि मला दिसत नव्हता. खरं सांगतो, अपमान वाटला.

नातीने फोन काढला. फोटोवरून नाव सांगणारं एक ॲप तिच्याकडे होतं. पहिल्या फोटोला त्याने हॅलिओमॉर्फा हॅलिस, म्हणजे याच घराण्यातला एक ढेकूण, असं नाव दिलं. दुसऱ्या फोटोला तो शिकारी ढेकूण ठरला, म्हणजे दुसऱ्या किड्यांना भोसकून त्यांचा रस पिणारा. तिसऱ्याला ॲपने दगडफूल असल्याचं जाहीर केलं. किडा तोच, जागाही तीच, आणि मधे गेली होती फार तर चाळीस सेकंदं. नात हसत होती. मला मात्र ॲपची कीव आली, कारण थोड्या वेळापूर्वी मीही त्याला सालच समजलो होतो.

आता कळतं की गल्लत कुठे होते. असे फोटो बघणारी यंत्रणा रंग, नक्षी आणि आकाराची बाह्यरेषा धरून चालते, आणि या ढेकणाने नेमक्या त्याच तीन गोष्टी लपवायचं काम पत्करलं आहे. वर फोनचा कॅमेरा फोटो 'गुळगुळीत' करतो. पाठीवरचे बारीक खळगे त्याला कचरा वाटतात आणि तो ते पुसून टाकतो. ओळख पटवणारा अर्धा पुरावा फोटो काढतानाच नाहीसा होतो. ॲप टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. किडा कुठल्या मोठ्या गटातला आहे हे ते बऱ्याचदा बरोबर सांगतं. पण त्याने दिलेलं नाव हा अंदाज असतो, आणि माझ्या धंद्यात अंदाजावर घड्याळ परत देत नसत.

मग घरातली जुनी आयग्लास काढली. ती चार पटीची. पन्नाससाठ मिलीमीटरवरून काम करता येतं, दोन्ही हात मोकळे राहतात. मिशा दिसल्या, पण मिशांचे सांधे धड मोजता येईनात. म्हणून नवीन भिंग घ्यायचं ठरलं.

पहिल्यांदा फसलो, तेही सांगतो. जे भिंग आधी घेतलं त्याच्या चौकटीवर ठसठशीत अक्षरांत तीस पट असं कोरलेलं होतं. डोळ्याला लावल्याबरोबर शंका आली. तपासायची रीत सोपी आहे आणि कुणालाही घरी करता येते. लांबच्या दिव्याची किंवा खिडकीची प्रतिमा भिंगातून कागदावर पाडायची. ती सर्वांत रेखीव होईल तेव्हा भिंग आणि कागद यांतलं अंतर पट्टीने मोजायचं. २५० ला त्या अंतराच्या मिलीमीटरांनी भागायचं, उत्तर म्हणजे भिंगाची पट. माझं अंतर आलं साधारण ३०, म्हणजे आठ पटीच्या जरा वर. खरोखर तीस पट हवी असेल तर हे अंतर साडेआठ मिलीमीटरच्या आत यायला हवं, आणि मग काच इतकी मोठी राहूच शकत नाही, ती मसुराच्या दाण्याएवढी होते. अंगठ्याएवढ्या काचेवर तीस पट लिहिलेलं दिसलं की समजावं, कोरणाऱ्याने आकडा हवेतून काढला आहे. ते भिंग परत केलं.

दुसरं हे. यावर दहा लिहिलं आहे आणि कागदावरची प्रतिमा २५ मिलीमीटरवर पडते. पंचवीस दाहे अडीचशे, हिशेब जुळला. आत तीन काचा एकमेकींना चिकटवून बसवल्या आहेत. एकाच काचेच्या भिंगात कडेला रेघा वाकतात आणि काळ्या रेघेला निळी-नारिंगी किनार येते. तिघी मिळून हे दोष एकमेकींचे पुसतात. वहीच्या चौकटींवर ठेवून बघितलं, तर अगदी काठाजवळही चौकट चौकटच राहिली. ढेकणाच्या बाबतीत ही चैन नाही. ज्याची ओळख पिवळा ठिपका आहे की फिकट कडा एवढ्यावर ठरते, तिथे भिंगाने स्वतःचा रंग घालून चालत नाही.

वापरायची रीत घड्याळजीला शिकवावी लागत नाही, पण इतरांना चुकताना रोज बघतो. भिंग वस्तूवर धरून डोळा लांब ठेवायचा नसतो. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं, धरलेल्या हाताचा अंगठा गालाला लावायचा आणि मग डोकं व भिंग मिळून वस्तूच्या जवळ न्यायचं. दुसरा हात खोडावर टेकवायचा, म्हणजे हलायचं थांबतं. वस्तू अडीच सेंटिमीटरवर आली की एकदम उघडते. गोम इथेच आहे. भिंगापासून अडीच सेंटिमीटरवर ढेकूण असतो तेव्हा ढेकणापासून नाकही फार लांब नसतं.

पहिल्यांदा नीट दिसलं तेव्हा मी बराच वेळ काही बोललोच नाही. लांबून जो राखाडी-तपकिरी रंग दिसतो तो मुळात रंग नव्हेच. खाली काळपट जमीन, तिच्यावर दाभणाने टोचल्यासारखे शेकडो खळगे आणि मधेमधे न टोचलेले, किंचित उचललेले गुळगुळीत पिवळे ठिपके. वर्तमानपत्रातला छापील फोटो भिंगाखाली धरला तर निव्वळ ठिपके दिसतात आणि लांब धरला की चेहरा होतो, तसं. हा किडा सालीचा रंग घेत नाही. दोन रंगांचे ठिपके ठेवतो आणि मिसळायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवतो.

मग कडा बघितली. पंखांच्या दोन्ही बाजूंनी पोटाची जी कड बाहेर डोकावते, तिच्यावर एक पिवळा, एक काळा असे चौकोन आहेत. वाटेल की ही तर उठून दिसणारी खूण झाली. खोडावर उलट होतं. डोळा किडा शोधताना सलग कडेची रेघ शोधतो. ती रेघ दर दीड-दोन मिलीमीटरला तुटली की डोळ्याला किडा सापडत नाही, तुकडे सापडतात, आणि सालीवर तुकडे काय कमी असतात? अंग चपटं, पाय आवळलेले, त्यामुळे सावलीही पडत नाही. सावली हीच चोराची मोठी चहाडी, ती याने आधीच मिटवली आहे.

इथे या भिंगाबद्दलची पहिली तक्रार. त्याच्या तोंडाभोवती छोट्या पांढऱ्या दिव्यांचं कडं आहे आणि विक्रेता त्याचंच कौतुक फार करतो. ते लावलं की चारही बाजूंनी सारखा उजेड पडतो, खळग्यांच्या सावल्या जातात, आणि जो किडा मी मुश्किलीने शोधला होता तो भिंगाखालीच सपाट होऊन परत सालीत विरतो. ढेकणाला जे जमवायला इतका खटाटोप करावा लागला ते या दिव्यांनी फुकट करून दिलं. दिवे बंद ठेवा. साधी टॉर्च घ्या आणि खोडाला जवळजवळ समांतर, एका बाजूने उजेड टाका. प्रत्येक खळग्याला सावली येते, खांद्याचे दाते उठतात, मिशा खोडापासून सुटून दिसतात. डायलवरचा ओरखडा शोधायला आम्ही हेच करायचो. एक जांभळा दिवाही दिला आहे. तो कशासाठी आहे ते त्यांचं त्यांना माहीत.

आता मिशा. या ढेकणांच्या घराण्याचं शास्त्रीय नाव पेंटॅटोमिडी, जगभरात याच्या ४,७०० हून अधिक जाती. नावातच हिशेब आहे: पेंटा म्हणजे पाच, टोमोस म्हणजे तुकडा. मिशीचे तुकडे पाच. पानासारख्या पायांचे जे ढेकूण असतात, त्यांच्या मिशीला चार. म्हणजे मोजलं की काम झालं. मोजण्यात माझा हात धरणारा कोण? मी वही केली, तारीख, वेळ, तुकडे असे रकाने आखले, आणि पहिल्या पंधरवड्यात नऊ ढेकूण मोजले. सगळे पाच.

दहावा आला तो चार तुकड्यांचा. अंगावर तसेच पिवळे ठिपके, तसंच लांबट निमुळतं डोकं, आकाराने जरा लहान आणि पंख अपुरे. दोन्ही मिशा मोजल्या. उजवी चार, डावी चार. भिंग पुसून परत मोजलं. चारच. नातीला बोलावून गंभीरपणे सांगितलं की हा बहुरूपी आहे, दिसतो यांच्यासारखा पण घराणं वेगळं. वहीत लाल शाईने नोंदही केली. ती म्हणाली, "आजोबा, तो बाळ असेल." मी म्हटलं, "बाळ झालं म्हणून कुणाला एक बोट कमी असतं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर तो त्याच जागी होता. म्हणजे त्याची कात होती. सालीत नख्या रुतवून बसलेली, पाठीवर उभी चीर पडलेली, आत रिकामी. तिच्यापासून दोन बोटं वर एक फिकट, अजून रंग न चढलेला, पूर्ण पंखांचा ढेकूण. आधी कातीच्या मिशा मोजल्या. चार. मग त्याच्या मोजल्या. पाच.

हे या घराण्याचं खरं आहे आणि मला ते माहीत नव्हतं. अंड्यातून निघाल्यावर पिल्लू पाच अवस्थांतून जातं, दर अवस्थेला कात टाकतं, आणि या सगळ्या काळात त्याच्या मिशीला चारच तुकडे असतात. शेवटची कात टाकताना मधला एक तुकडा दुभागतो आणि पाच होतात. पायाच्या टोकाचंही तसंच: पिल्लाला दोन पेरं, मोठ्याला तीन. लाल शाईवर निळ्या शाईने काट मारली. भिंगाने मोजलेलं अचूक होतं, चुकीचं होतं ते त्या आकड्यावरून मी काढलेलं अनुमान. त्यामुळे या चुकीचा तारा मी भिंगाचा कापत नाही. पण नुसतं भिंग घेऊन कुणी तज्ज्ञ व्हायला निघाला असेल तर त्याला हे सांगून ठेवतो: आधी पंख पूर्ण आहेत का बघा, मग मोजा.

ॲपच्या दुसऱ्या उत्तराचा निकाल लावायला पोट बघावं लागतं. स्वच्छ काचेच्या लहान बाटलीत ढेकणाला अलगद चालत जाऊ द्यायचं, बाटली उचलून खालून भिंग लावायचं. चिमट्याने धरायचा मोह माझ्या हाताला फार होतो, पण नको. पाय तुटतो, आणि वास येतो तो वेगळाच. डोक्याखाली सोंड दिसते. शिकारी ढेकणाची सोंड आखूड, जाड आणि बाकदार असते, आकड्यासारखी अंगापासून सुटलेली, तीन पेरांची. असला दिसला तर हात लांब ठेवा, चावा झोंबतो. आपल्या ढेकणाची सोंड चार पेरांची, बारीक, पोटाला चिकटून सरळ मागे गेलेली, आणि इतकी लांब की मागचे पाय ओलांडून पोटाच्या पहिल्या काही वळ्यांपर्यंत पोचते. ती झाडाचा रस ओढायची नळी आहे. याच घराण्यात शिकार करणारी एक शाखाही आहे, पण त्यांच्या सोंडेचा पहिला तुकडा जाडजूड आणि मोकळा असतो, पुढे झटकन फिरवता येईल असा. हा फरक चार पटीच्या आयग्लासमध्ये मला दिसला नव्हता, दहा पटीत लख्ख दिसला.

पोटाकडच्या बाजूलाच त्या वासाचं घर आहे. मधल्या आणि मागच्या पायांच्या मधे, दोन्ही बाजूंना एकेक बारीक भोक, आणि भोकाभोवती निस्तेज, सुरकुतलेला पट्टा. बाकी अंग चमकतं, एवढा पट्टा चमकत नाही. तो खरखरीत पृष्ठभाग सोडलेला द्रव धरून ठेवतो, पसरवतो आणि हवेत उडू देतो. हे बघून मी मनातल्या मनात सलाम केला. घड्याळात तेलाचा थेंब ज्वेलवर, म्हणजे चाकाची दांडी ज्यात फिरते त्या बारीक खड्यावर, जिथे ठेवला तिथेच राहायला हवा, पसरला की घड्याळ थांबलं. त्यासाठी आम्ही काय काय उपाय करायचो! याने नुसत्या पृष्ठभागाच्या पोतावर ते साधलं आहे, फक्त उलट हेतूने. पिल्लांची भोकं पोटाखाली नसतात, पाठीवर मधोमध असतात, तिथे गडद रंगाच्या चकत्या दिसतात. वासातला एक मोठा घटक डेसेनाल नावाचा पदार्थ आहे आणि तोच कोथिंबिरीच्या पानांतही असतो. हे कळल्यावर बायको म्हणाली की काही काही गोष्टी मी स्वतःजवळच ठेवाव्यात.

आणि नाव? माझ्या वहीतल्या नऊच्या नऊ मोठ्या ढेकणांचं नाव एर्थेसिना फुलो. १७८३ साली थुनबर्ग या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने याचं वर्णन केलं. मी ते तीन गोष्टींवर ठरवलं. डोक्याच्या टोकापासून निघून पाठीच्या मधून, पंखांच्या बुडाशी असलेल्या त्रिकोणी तुकड्यापर्यंत उतरणारी बारीक पिवळी रेघ, काळ्या मिशीच्या शेवटच्या तुकड्याचं फिकं बूड, आणि नडगीच्या मधे एक फिकं कडं. शिवाय ते लांबट डोकं. ॲपने पहिल्यांदा सांगितलेल्या हॅलिओमॉर्फा हॅलिसला ही मधली रेघ नसते, त्याचं डोकं बोथट असतं, अंगावर पिवळ्या ठिपक्यांचा सडा नसतो आणि मिशीच्या शेवटच्या दोन तुकड्यांवर पांढरे पट्टे ठळक दिसतात. तो लांबीला बारा ते सतरा मिलीमीटर, हा त्याहून मोठा.

ॲप हॅलिसकडेच का धावतं याचा माझा तर्क सांगतो, पटला तर घ्या. तो जगात सगळ्यात जास्त फोटो निघालेल्या ढेकणांपैकी एक असावा. मूळचा चीन, जपान, कोरियाकडचा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला १९९८ मध्ये पहिला नमुना मिळाला, आणि तो नेमका कोण हे ओळखायला २००१ उजाडलं. पुढे तो फळबागांचा मोठा शत्रू झाला. २०१० मध्ये त्या भागात एकट्या सफरचंदाचं नुकसान ३ कोटी ७० लाख डॉलर इतकं धरलं गेलं. तिथे खोडांवर राहणारा स्थानिक ढेकूण आहे ब्रोकिमेना, त्यालाही लोक हॅलिस समजतात आणि चिरडतात. तिकडच्या कुणी हे वाचलं तर भिंग खांद्यावर धरा. ब्रोकिमेनाचे खांदे आणि डोक्याच्या बाजू दातेरी, अंग खडबडीत, मिशीवर पांढरे पट्टे नाहीत. हॅलिसचा खांदा गुळगुळीत. एवढ्यासाठी तर दहा पटही लागत नाही.

ऑस्ट्रेलियात निलगिरीच्या सालीवर पोइसिलोमेटिस असतो. सगळ्यात वरचढ मात्र ब्राझीलचा फ्लोईया. तो पेंटॅटोमिडीचा नव्हे, शेजारच्या छोट्या घराण्याचा. अंगाच्या कडा झालरीसारख्या पसरलेल्या, दगडफुलाचा चकता वाटावा असा, आणि आई पिल्लांना स्वतःच्या पोटाखाली घेऊन खोडाला चिकटून राहते. मिशीचे तुकडे तीन!  तो भिंगाखाली बघायचं माझ्या नशिबात नाही, पण ॲपने त्याला तरी दगडफूल म्हटलं असतं तर मी माफ केलं असतं.

भिंगाकडे परत येतो. भिंगाचं अंतर आणि आपला चश्मा यांचं जमवावं लागतं. मला जवळचा चश्मा आहे, तो काढून भिंग लावलं तर नजर पडणारं वर्तुळ मोठं मिळतं, पण मग भिंग बाजूला केल्यावर वही दिसत नाही. दिवसभरात चश्मा चाळीस वेळा वर-खाली होतो. वर्तुळ तसंही लहानच आहे, आख्खा ढेकूण एका वेळी रेखीव दिसत नाही, मिशीपासून शेपटाकडे सरकत जावं लागतं. खोलीही जेमतेम: पाठ स्पष्ट असते तेव्हा पाय धूसर. हे दोष या भिंगाचे नाहीत, दहा पटीचे आहेत. म्हणूनच वीस पटीच्या मागे लागू नका. अंतर निम्मं होतं, वर्तुळ आणखी आक्रसतं, आणि जिवंत किडा तोपर्यंत खोडाच्या पलीकडे गेलेला असतो. हे ढेकूण उडून पळण्याआधी बहुतेक वेळा हेच करतात, आपण डावीकडे गेलो की ते उजवीकडे. दोन माणसं असली तर एकाने पलीकडे उभं राहावं.

फोनला चिमट्याने लावायचं मॅक्रो भिंगही नातीने आणून दिलं होतं. फोटो चांगले येतात, तिचे. माझ्या हातून फोनची सावली किड्यावर पडते आणि मी आधीच दोन वेळा ढेकणाऐवजी स्वतःचा अंगठा टिपला आहे. पण ॲपला द्यायचा फोटो काढायचाच असेल तर चार काढा: वरून, बाजूने, मिशीचा जवळून आणि बाटलीतून पोटाचा. शेजारी पट्टीचं टोक ठेवा. त्या चार फोटोंवर ॲपनेही चौथ्या वेळी एर्थेसिना म्हटलं, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

एक गोष्ट परीक्षणात बसत नाही पण लिहितोच. मागच्या आठवड्यात एका पानाच्या खालच्या बाजूला अंड्यांची रिकामी टरफलं मिळाली. फिकट, गोल, डब्यांसारखी, एकमेकांना चिकटलेली, प्रत्येकाला वरून गोल झाकण उघडलेलं, पाकीट-घड्याळाचं झाकण उघडतं तसं. झाकणाच्या कडेने इतके बारीक काटे की दहा पटीतही नुसती मखमल वाटते. मोजली. बारा. एर्थेसिना एका पुंजक्यात बहुतेक वेळा बाराच घालतो हे नंतर वाचलं, पण त्या क्षणी मला वाटलं की कुणीतरी माझी चेष्टा करतंय. नातीने विचारलं की काटे कुठे आहेत, तास आणि मिनिट. कात टाकायला गेले असतील म्हटलं.

बिजागरीबद्दल राहिलं. चौकट धातूची, भक्कम, दोनदा खाली पडूनही काचेला काही झालं नाही. पण जिच्यावर भिंग फिरतं ती खीळ म्हणजे एक बारका स्क्रू आहे आणि तो तिसऱ्याच आठवड्यात सैल झाला. भिंग आपोआप बाहेर लोंबायला लागलं आणि खिशातल्या किल्ल्यांनी काचेच्या काठाला एक चरा पाडला. ज्याच्याकडे बारीक स्क्रूड्रायव्हर नाही त्याचं भिंग अशा वेळी गवतात हरवणार. मी माझ्या जुन्या पेटीतला काढला, पाऊण फेरा आवळला, लाखेचा एक ठिपका ठेवला, तेव्हापासून हललेला नाही.

पाचपैकी चार तारे. काचेला पूर्ण गुण, दिव्यांच्या कड्याकडे दुर्लक्ष, आणि एक तारा त्या स्क्रूचा कापला. तो मी स्वतःच दुरुस्त केला आहे, त्यामुळे मजुरी म्हणून तो तारा माझ्याकडेच ठेवतो.